एक कायदा, दोन साथी आणि जनाजा

३० मार्च २०२०. मुंबई महापालिकेचं परिपत्रक निघालं: कोरोनाने गेलेल्यांचं, धर्म कोणताही असो, दहनच करायचं. त्याच दिवशी ते बदललं आणि मोठ्या कब्रस्तानांत दफनाला मुभा मिळाली. पण या एका दिवसात इतिहासाचा एक चांगला प्रश्न दडलाय.

आधी विधी समजून घेऊ. गुस्ल म्हणजे मय्यताला आंघोळ, मग कफन (पुरुषाला ३ वस्त्रं, स्त्रीला ५), जनाज्याची नमाज आणि दफन. ही नमाज उभ्यानेच होते, रुकू-सजदा नसतो. कबरीत चेहरा किब्ल्याकडे, आपल्याकडे पश्चिमेला. हे सगळं 'फर्ज-ए-किफाया': काहींनी केलं तर सगळ्यांची जबाबदारी फिटते, कुणीच केलं नाही तर दोष सगळ्यांवर. म्हणजे दफन अडलं की प्रश्न एका घराचा राहत नाही.

आता १८९७ च्या पुण्यात जाऊ. साथरोग कायदा फेब्रुवारीत आला आणि रँडच्या प्लेग समितीने मृत्यूची नोंद झाल्याशिवाय अंत्यविधी बेकायदा ठरवले. प्लेगचा जिवाणू १८९४ मध्येच सापडला होता. पण तो पिसवांमार्फत पसरतो हे सिमाँने दाखवलं १८९८ मध्ये. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईत प्लेगच्या तपासणीला जुलाहा मुस्लिमांनी विरोध केला आणि दंगल पेटली.

२०२० मध्ये महाराष्ट्रात लागू झाला तो हाच १८९७ चा कायदा. पण यावेळी माहितीची उणीव नव्हती. केंद्राच्या मार्चमधल्या सूचनांत दहन आणि दफन दोन्हींना जागा होती. मनाई होती ती मृतदेहाला आंघोळ घालायला, मिठी मारायला. गुस्ल गेलं, दफन राहिलं. तरीही वांद्र्यातल्या कब्रस्तानांत दफन थांबवा, अशी याचिका झाली. मुंबई उच्च न्यायालयाने ती २२ मे २०२० ला फेटाळली: मृतदेहातून संसर्ग पसरल्याचा पुरावा नाही, आणि सन्मानाने अंत्यसंस्कार हा कलम २१ चा भाग आहे. श्रीलंकेत मात्र सक्तीचं दहन फेब्रुवारी २०२१ पर्यंत चाललं. सरकारने माफी मागितली २०२४ मध्ये.

संशोधनाला बसताना 'तेव्हा विज्ञान कमी होतं, म्हणून असं झालं' हे उत्तर फार पटकन सुचतं. २०२० चं परिपत्रक शेजारी ठेवून बघा. ज्ञान असूनही आदेश निघाला. मग खरा प्रश्न असा: आदेश लिहिताना कुणाला विचारलं, आणि कुणाला विचारायचं राहिलं?