हिरवे पाणी : खजिना विहीर, निवळी आणि मोरचूद

गेल्या उन्हाळ्यात बीडजवळच्या मामांच्या शेतावर मुलांना पोहण्यासाठी बांधलेला हौद तीनदा उपसला आणि तिन्ही वेळा पंधरवड्याच्या आत पुन्हा हिरवा झाला. मामा वैतागून म्हणाले, "अरे, इतिहास शिकतोस ना? मग जुनी माणसं काय करायची ते सांग." मित्रहो, आजचा धागा त्या प्रश्नावर.

उत्तराची सुरुवात बीडमध्येच होते. शहराबाहेरची खजिना विहीर सोळाव्या शतकातील, मुर्तजा निजामशहाच्या काळात सलाबतखानाने बांधवलेली. तिच्यात भुयारांतून पाणी येते आणि दुसऱ्या भुयाराने ते बलगुजारच्या शेतीकडे निघून जाते. म्हणजे हे पाणी साठवलेले नसून वाटेत थांबलेले आहे. याउलट शहरातील कंकालेश्वर मंदिर कुंडाच्या मधोमध उभे आहे. कुंडातले पाणी उघड्या उन्हात स्थिर राहते. त्यात पाने आणि निर्माल्य पडले की शेवाळाला आणखी काय हवे? दोन्ही वास्तू एकाच गावातल्या. फरक प्रवाहाचा आणि प्रकाशाचा.

साचलेले पाणी स्वच्छ करण्याचा प्रश्न फार जुना आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेच्या दकार्गल अध्यायात विहिरीत टाकण्याचे एक चूर्ण सांगितले आहे : अंजन, नागरमोथा, वाळा, कोशातकी, आवळा आणि निवळीची बी. यातली निवळी आजही खेड्यापाड्यांत ओळखीची. तिच्यामुळे गढूळपणाचे कण एकत्र येऊन तळाशी बसतात, तुरटीचेही तेच. पण तळाशी बसलेले बाहेर काढले नाही, तर काम अर्धेच झाले. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९०४ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातील जॉर्ज मूर आणि कार्ल केलरमन यांनी मोरचुदाने जलाशयांतील शेवाळ मारण्याची पद्धत प्रसिद्ध केली. लाखो भाग पाण्यात एखादा भाग मोरचूदही पुरतो, असे त्यांना आढळले. मोरचुदाची पोती होडीला बांधून ती जलाशयभर ओढत फिरवायची, एवढी साधी रीत! मोरचूद आपल्या शेतकऱ्यांना परका नाही. द्राक्षबागांतले बोर्डो मिश्रण त्याचेच, चुन्यासोबतचे. त्यामुळे मामांनीही हौदात मूठभर टाकला होता.

मग शेवाळ का परतले? एक कारण पाण्याचे. कठीण, अल्कधर्मी पाण्यात तांबे लवकर साका होऊन खाली बसते आणि निष्प्रभ होते; काळ्या पाषाणातल्या विहिरींचे पाणी बहुधा असेच. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. मेलेले शेवाळ तळाशी कुजते, त्यातले नत्र आणि स्फुरद पाण्यात मिसळतात, आणि पुढच्या पिढीचे खत तयार होते. मामांनी शेवाळ मारले होते, पण त्याचे अन्न हौदातच ठेवले होते. उपसतानाही भिंती घासल्या नव्हत्या, तळाचा गाळ तसाच राहिला होता. शिवाय तांबे नाहीसे होत नाही. ते गाळात साठते आणि माशांना घातक ठरते. हौदाचे पाणी पुढे शेततळ्यात सोडायचे असेल तर मोरचूद नकोच, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्लोरीनचा इतिहास वेगळा आहे. १९०८ मध्ये जर्सी सिटीच्या पाणीपुरवठ्यात जॉन लील यांनी तो सतत वापरायला सुरुवात केली, तीही जंतूंसाठी. 'सतत' हा शब्द महत्त्वाचा. ऊन क्लोरीन झपाट्याने नष्ट करते. म्हणून सकाळी टाकलेली पावडर दुपारपर्यंत संपते आणि संध्याकाळी टाकलेली रात्रभर काम करते.

मामांना मी हेच सांगितले : आधी भिंती घासा, गाळ उपसून हौदाबाहेर लांब टाका, पंप रोज काही तास चालवून पाणी गाळणीतून फिरवा, क्लोरीन सूर्यास्तानंतर, पाण्याचा सामू ७.२ ते ७.८ दरम्यान राखून. आणि वापर नसेल तेव्हा हौदावर शेडनेट ओढा.

मामा ऐकून म्हणाले, "म्हणजे तुझ्या सलाबतखानाने पाणी वाहतं ठेवलं, अंधारातून आणलं, आणि मी मात्र उघड्या उन्हात कोंडलं." शेडनेट त्यांनी दुसऱ्याच दिवशी आणली, गाळ काढायला मात्र मलाच उतरावे लागले.