क्षितिजावरची कात्री

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास टिपलेली निसर्गदृश्ये पाहू गेल्यास डोंगर, वृक्ष आणि जलाशय यांचे बारकावे जितके रेखीव, तितकेच त्यांवरचे आकाश कोरे, ढगाचा मागमूसही नसलेले आढळते. आणि याचे कारण छायाचित्रकाराच्या उदासीनतेत नसून त्याच्या हातातील काचेच्या स्वभावात होते. 1851 साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने प्रसिद्ध केलेल्या कलोडियन पद्धतीची काच निळ्या-जांभळ्या प्रकाशाला तत्काळ वश होई, परंतु हिरव्या व तांबड्या रंगांची दखल घेण्यास ती फारच मंद असे. झाडीला पुरेल इतका वेळ भिंग उघडे ठेवावे तर आकाश जळून जाई, आणि आकाश राखावे तर झाडीच्या जागी काळा डाग उरे. पुष्कळ व्यावसायिक तर निगेटिव्हवरील आकाशाचा डागाळलेला भाग शाईने झाकून कागदावर तो सरळ पांढरा उतरवीत.

या अडचणीवर आकाशासाठी वेगळी निगेटिव्ह वापरण्याची तजवीज फ्रान्समध्ये इपोलित बायार याने 1852 मध्ये सुचविली, आणि ग्युस्ताव ल ग्रे याने 1856-57च्या सुमारास काढलेल्या सागरचित्रांत तिला कलेची प्रतिष्ठा मिळवून दिली. एका काचेवर लाटा, दुसरीवर ढग, आणि दोहोंची सांधणूक क्षितिजरेषेवर, अशी त्याची रीत होती. एकच मेघमाला त्याने एकाहून अधिक समुद्रांवर चढविली, हेही त्याच्या चित्रांवरून उघड होते. छपाईचे काम मोठ्या सबुरीचे असे. दृश्याची एक प्रत कात्रीने क्षितिजावर कापून तिचे दोन आच्छादक तयार करावयाचे, एकाने आकाश झाकून उन्हात जमीन छापावयाची, मग दुसऱ्याने जमीन झाकून आकाश. आणि कापलेली कड उघडी पडू नये म्हणून तिथे कापूस पसरावयाचा किंवा आच्छादक किंचित हलता ठेवावयाचा.

कात्री एकदा हाती आल्यावर ती आकाशापाशी थांबणे शक्य नव्हते. ऑस्कर रेलँडर याने 1857 मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जुळवून एक भव्य नीतिचित्र रचले, आणि पुढल्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन याने पाच निगेटिव्हमधून एका मरणोन्मुख मुलीचे चित्र सिद्ध केले. मुंबईतही या विद्येचा अंमल लवकरच दिसू लागला. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीचा सभासद विल्यम जॉन्सन याने या शहरातील जातिजमातींच्या चित्रांचे दोन खंड 1863 व 1866 मध्ये लंडनला प्रसिद्ध केले. त्यांत माणसे एकीकडे टिपून त्यांची चित्रे दुसरीकडच्या दृश्यांवर बसविलेली आहेत. ल ग्रेच्या आच्छादकाने, ढग कधी दुसऱ्या समुद्रावरून उसने आणलेले असले तरी, काचेला टिपता न आलेले आकाश भरून काढले होते, तर जॉन्सनच्या आच्छादकाने माणसाला तो जिथे उभा होता तिथून उचलून, साम्राज्याच्या दफ्तरात शोभेल अशा पार्श्वभूमीपुढे उभे केले. हत्यार एकच, परंतु त्याच्या दोन उपयोगांत केवढे अंतर!

1889 मध्ये पीटर हेन्री एमर्सन याने आपल्या ग्रंथात या जोडकामाविरुद्ध निसर्गनिष्ठेचा पुकारा केला. तत्पूर्वीच, 1873 मध्ये, हेर्मान फोगेल याने विशिष्ट रंगद्रव्यांच्या योगे काचेला हिरवा प्रकाशही जाणवू शकतो असे दाखविले होते, आणि 1906 पासून सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या काचा बाजारात मिळू लागल्या. उधारीच्या आकाशाची निकड अशी ओसरली. परंतु प्रकाश आणि छाया यांतील अंतर कायम राहिल्यामुळे अंधारखोलीतील आच्छादन काही सुटले नाही. अमेरिकेत अॅन्सेल अॅडम्स याच्यासारखा काटेकोर निसर्गचित्रकारही छपाईच्या वेळी पुठ्ठा किंवा तळहात आडवा धरून चित्राचा एक भाग उजळ राखी व दुसरा गडद करी. न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ येथे 1941 मध्ये टिपलेल्या चंद्रोदयाच्या एकाच निगेटिव्हवरून त्याने पुढे काढलेल्या प्रतींत आकाश उत्तरोत्तर काळेभोर होत गेले आहे.

टॉमस व जॉन नोल या बंधूंनी घडविलेले फोटोशॉप 1990 मध्ये बाजारात आले, आणि 1994च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला लेयर मिळाले. लेयरला जोडलेला मास्क म्हणजे तोच जुना आच्छादक: पांढरे ते दिसते, काळे ते झाकले जाते, आणि मधल्या करड्या छटा अर्धवट झाकतात, साध्या आठ-बिट चित्रात काळा-पांढरा धरून या छटा 256 असतात, आणि कापसाचे काम त्यांच्याकडे आले आहे. ढग राखून दरी उजळविणारा आजचा हौशी छायाचित्रकार मऊ ब्रश क्षितिजावरून फिरवितो, तेव्हा तो बायारने सुचविलेलीच विभागणी करीत असतो. भेद इतकाच, आणि तो लहान नव्हे, की कापलेला कागद पुन्हा सांधत नसे, तर मास्कखाली झाकलेले सर्व जसेच्या तसे शाबूत राहते व केव्हाही परत उघडता येते.

या मुभेबरोबर जबाबदारीही वाढली आहे. ल ग्रेच्या काळी काचेची असमर्थता हेच कात्रीचे समर्थन होते. आजचा कॅमेरा रंगांच्या बाबतीत तितका पंगू नसल्यामुळे, झाकलेल्या प्रत्येक भागाचा जाब यंत्राकडे न मागता छायाचित्रकाराकडेच मागावा लागतो. कड बेमालूम जुळली एवढ्यावर कारागिरीची परीक्षा आटोपते. निष्ठेची परीक्षा मात्र, मास्कने त्या स्थळी खरोखर दिसलेले परत आणले की तिथे कधीच नसलेले आणून बसविले, या एकाच प्रश्नावर होते, आणि त्याचे उत्तर चित्र पाहणाऱ्यापेक्षा ब्रश धरणाऱ्यालाच अधिक ठाऊक असते.