मिडविचची मुलं आणि त्यांचे मास्तर

नातवाच्या कपाटात जॉन विंडम यांची ‘द मिडविच कुकूज’ ही १९५७ सालची कादंबरी सापडली. आमचं बीए मराठी माध्यमातलं, त्यामुळे शब्दकोश उशाशी घेऊन तीन आठवडे वाचत होते. आणि मंडळी, रात्री दिवा लावून झोपले!

कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. विलायती कुकू त्याहून वाईट. त्याचं पिल्लू घरट्यातली बाकीची अंडी बाहेर ढकलून देतं. मिडविच नावाच्या इंग्रजी खेड्यात एक दिवस सगळे बेशुद्ध पडतात, आणि नंतर गावातल्या बायकांना सोनेरी डोळ्यांची मुलं होतात. एका मुलाला कोड्याची पेटी उघडायला शिकवली की सगळ्या मुलग्यांना ती येते. मुलींचंही तसंच, पण वेगळं. शिक्षकाला आधी हेवाच वाटतो हो!

विंडम महायुद्धात सेन्सॉरच्या कचेरीत होते, मग सैन्यात. पुस्तक आलं त्याच वर्षी ब्रिटनने हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली आणि रशियाने स्पुटनिक सोडला. ती भीती पानापानांत आहे. कादंबरीतही रशियात अशी मुलं असतात. तिथलं सरकार, मुलांना सुगावा लागू नये म्हणून, कुणालाही न सांगता अख्खं गावच अणुतोफेने उडवतं. इंग्लंडला ते जमत नाही. कायदा आडवा येतो, आयांची माया आडवी येते.

(पुढे शेवट सांगते आहे. वाचायची असेल तर इथेच थांबा.)

मग झेलाबी हे वृद्ध गृहस्थ पुढे येतात. मुलांना शिकवणारे, आणि मुलांनाही आवडणारे. ते चित्रं दाखवायची यंत्रसामग्री घेऊन नेहमीसारखे तासाला जातात. सामानात स्फोटकं असतात. १९६०च्या सिनेमात मास्तर मनात विटांची भिंत उभी करून बेत लपवतात. पुस्तकात भिंत नाही, मुलांचा विश्वास आहे. मला पुस्तकच जास्त भयंकर वाटलं. मुलं सामान उतरवायला मदत करतात, तिथे मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात गेले.

माझ्या पाचवीच्या वर्गात एक मुलगा होता. माझं गणित सांगून व्हायच्या आत त्याचं उत्तर तयार असे. ‘हात खाली ठेव,’ असं मी त्याला वर्षभर सांगितलं. बाकीच्यांना संधी मिळावी म्हणून, असं तेव्हा वाटायचं. दिवाळीनंतर त्याने हात वर करणंच सोडलं होतं.