लाल डगल्यातले दोन लाल

१८१५ सालच्या वॉटर्लूच्या लढाईतील ब्रिटिश पायदळाचे शिपाई, बोटभर उंचीचे, घरी रंगवण्याचा छंद अनेकांना असतो. त्यांना पहिलाच प्रश्न पडतो : डगल्याचा लाल नेमका कोणता? ‘लाल डगलेवाले’ या एका नावात दोन रंग दडलेले आहेत.

साध्या शिपायाचे जाडेभरडे लोकरी कापड मॅडर या वनस्पतीच्या मुळांनी रंगवत. ही आपल्या मंजिष्ठेची युरोपातील बहीण. तिच्यातील अलिझरीन तुरटीच्या साहाय्याने लोकरीला धरून बसते व विटकरीकडे झुकणारा लाल रंग येतो. अधिकाऱ्याच्या तलम कापडासाठी मात्र मेक्सिकोतील निवडुंगावर वाढणारे कोचिनील कीटक वापरत. त्यांतील कार्मिनिक आम्लाला कथिलाच्या क्षारांची जोड मिळाली, की झगझगीत शेंदरी लाल रंग उतरतो. कीटक महाग, मुळे स्वस्त. त्यामुळे हुद्दा रंगातही दिसे.

मग संग्रहालयातील डगला पाहून रंग जुळवावा का? तिथेही सावध राहायला हवे. प्रकाशाने रंगद्रव्याचे रेणू मोडतात व कापड विटते. शिवणीच्या आत, जिथे उजेड पोचला नाही, तिथला रंग मूळ रंगाच्या अधिक जवळचा असतो. मोहिमेवरचा डगला तर ऊनपावसाने तेव्हाही विटत असे. म्हणून ‘खरा रंग कोणता?’ याआधी ‘कोणाचा आणि केव्हाचा?’ हे विचारावे लागते.

वर्गात हे करून पाहता येईल. हळदीने रंगवलेली चिंधी अर्धी झाकून काही दिवस उन्हात ठेवा. मग मुलांना विचारा, यातला हळदीचा रंग कोणता?