कल्याण जंक्शन : व्हर्न ते नारळीकर

ज्यूल व्हर्न हिंदुस्थानात कधी आला नाही. तरीही १८७२ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ऐंशी दिवसांच्या जगप्रवासाच्या कादंबरीत फिलिअस फॉगची गाडी रात्री आठला मुंबई सोडते, साष्टी बेट मागे टाकते आणि कल्याणला येते. खंडाळा-पुण्याकडे जाणारा फाटा येथे फुटतो, हेही व्हर्न नोंदवतो. ठाण्याला रेल्वे १८५३ साली आली, कल्याणला १८५४ साली. अवघ्या अठरा वर्षांत आमचे जंक्शन फ्रेंच कादंबरीत जाऊन बसले. (डोंबिवलीचा उल्लेख नाही, डोंबिवलीकरांनी तो मनावर घेऊ नये.)

व्हर्नची थोरवी पाणबुडी आणि चांद्रप्रवासाच्या भाकितांत शोधण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हांस ही फाट्याची नोंद अधिक मोलाची वाटते. अशक्यप्राय पैज तो वेळापत्रक आणि नकाशा यांच्या आधारे पटवतो. वाचकाचा एकदा विश्वास बसला, की मग तो खुशाल थापही मारतो : मुंबई-कलकत्ता लोहमार्ग १८७० मध्येच सांधला गेला होता, पण व्हर्न अलाहाबादच्या अलीकडे रूळ संपवतो. त्याला हत्ती हवा होता!

मराठी मुलांना हा व्हर्न दिला तो मुख्यतः भा. रा. भागवतांनी (१९१०–२००१). ‘चंद्रावर स्वारी’ वाचून वाढलेल्या पिढ्यांना अद्भुताची गोडी लागली, तशी तपशिलाचीही.

जयंत नारळीकरांचे (१९३८–२०२५) ऋण सहसा त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांच्याकडे नेले जाते आणि ते योग्यच आहे. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतली ‘मराठे पानिपत जिंकले असते तर’ ही कल्पनाही व्हर्नच्या वळणाची नव्हे. पण ती पटते कशी? एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात आलेल्या तिच्या इंग्रजी रूपात गंगाधरपंतांची जिजामाता एक्सप्रेस लोणावळा, कर्जत घेत कल्याणवरून न थांबता धडधडत जाते. पुढे लांब बोगदा. बोगद्यापलीकडे ‘सरहद’ नावाचे लहानसे स्थानक. तेथे परवाने तपासले जातात, कारण ब्रिटिश राज्य तेथून सुरू होते.

समीक्षेने या कथेतल्या विज्ञानाची आणि इतिहासाची चर्चा केली, या रुळांची फारशी केली नाही. कथेत बोगद्याचे नाव नाही. पण कल्याणहून मुंबईकडे येताना लांब बोगदा म्हणजे पारसिकच, हे आमच्याकडच्या कोणालाही सांगावे लागत नाही. फॉगच्या वेळी तो नव्हता, १९१६ मध्ये झाला. २०२२ पर्यंत डोंबिवलीहून निघालेली जलद लोकल त्यातून बाहेर पडे तेव्हा कळवा आलेले असे, आणि दाराशी उभी असलेली माणसे ठाण्याला उतरण्याच्या तयारीत असत.