दोन डब्यांची काळी बिअर

गेल्या नाताळात, ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेला आमच्या धर्मग्रामातील एक तरुण सुट्टीवर आला होता. गप्पांच्या ओघात त्याने सांगितले की, तो आपल्या घरी स्वतःच बिअर तयार करतो. बाजारात मिळणारे माल्टच्या अर्काचे दोन डबे एकाच पिंपात रिते करून तो काळी, कडक ‘स्टाऊट’ बनवितो. मग आवाज खाली आणून त्याने विचारले, ‘‘फादर, यात पाप तर नाही ना?’’ शेजारी बसलेल्या त्याच्या आईचा चेहरा उतरला. तिच्या माहेरी दारूने काय केले होते, हे आम्हांस ठाऊक होते. त्या वेळी आम्ही दोघांनाही पुरते उत्तर देऊ शकलो नाही. पुढे या डब्यामागचा इतिहास चाळला, त्यातून जे उमगले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम वस्तू समजून घेऊ. जव भिजवून, मोड आणून वाळविले की त्यास माल्ट म्हणतात. भरडलेले माल्ट गरम पाण्यात ठेवल्यास दाण्यातीलच पाचक द्रव्ये पिठूळ भागाची साखर करतात. हा गोड रस हॉप्स नावाच्या वेलीच्या कडू फुलांसह उकळून निवविला व त्यात यीस्ट घातले की काही दिवसांत बिअर होते. हाच रस आटवून दाट केला म्हणजे माल्टचा अर्क, जणू जवाची काकवी. नेहमीचा डबा 1.7 किलोचा असतो. त्यात सुमारे 1 किलो साखर व पाणी मिळवून 23 लिटर बिअर करतात. परंतु साखर पूर्णपणे आंबून जाते, म्हणून ती बिअर पातळ लागते. साखरेऐवजी दुसरा डबा घातल्यास माल्टमधील न आंबणारा अंश मागे उरतो आणि पेय भरदार व गडद होते. पाणी कमी ठेवले तर मद्यार्क 6 टक्क्यांच्या आसपास जातो. ‘टू कॅन’ म्हणजे दोन डबे. त्यावरून इंग्रजी बोलणारे हौशी लोक या बिअरला ‘टूकॅन’ म्हणतात. मोठ्या चोचीचा टूकॅन पक्षी 1935 मध्ये गिनेस स्टाऊटच्या जाहिरातींत अवतरला होता, त्यामुळे कोटी अधिकच रंगली.

हा डबा आधुनिक असला तरी त्यातील काम फार जुने आहे. मध्ययुगीन इंग्लंडात बिअर करणे हे पाव भाजण्याइतकेच घरकाम होते व ते बहुधा स्त्रियांच्या हाती असे. मग व्यापार वाढला आणि काम मोठ्या कारखान्यांकडे गेले. 18 व्या शतकात लंडनच्या हमालांत ‘पोर्टर’ ही गडद बिअर लोकप्रिय झाली. तिच्यातील कडक प्रकारास ‘स्टाऊट’ म्हणू लागले. 1817 मध्ये डॅनियल व्हीलर यांनी माल्ट भाजण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि आज ओळखीचा असलेला काळा रंग सहजसाध्य झाला.

घरच्या पिंपावर खरा घाव घातला तो कराने. 1697 पासून इंग्लंडात माल्टवर कर बसला. 1821 मध्ये विल्यम कॉबेट यांनी ‘कॉटेज इकॉनॉमी’ या लेखमालेतून मजुरांच्या कुटुंबांना पुन्हा घरी बिअर करण्याचा आग्रह केला. करांनी ही घरगुती कला मारली, असा त्यांचा आरोप होता. आणि घरचे पेय गेले म्हणून घरधनी गुत्त्याकडे वळतो, असे त्यांचे म्हणणे होते. हा युक्तिवाद सर्वस्वी मान्य नसला तरी विचार करायला लावणारा आहे. 1880 मध्ये ग्लॅडस्टन यांनी माल्टवरील कर काढून तो बिअरवर बसविला, पण घरी बिअर करणाऱ्यास परवाना घ्यावा लागे. हे बंधन 1963 मध्ये अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी उठविले आणि माल्टचे डबे उघडपणे दुकानांत मांडले जाऊ लागले.

अमेरिकेची कथा अधिक बोधप्रद आहे. तेथे 1920 मध्ये देशव्यापी दारूबंदी आली. मिस्साबलीच्या द्राक्षरसास कायद्याने सवलत होती; बिअरला नव्हती. तेव्हा बिअरचे मोठमोठे कारखाने माल्टचा अर्क डब्यांतून विकू लागले. तो पाव भाजण्यासाठी आहे, असे सांगितले जाई; पण त्यातील काही डब्यांत हॉप्सचा कडूपणा मिसळलेला असे! कडू पाव कोण खातो, हे विकणारा व घेणारा दोघेही जाणत होते. कायदा शाबूत राहिला, सत्य मात्र राहिले नाही. 1933 मध्ये दारूबंदी उठली, तरी घरगुती बिअरला मोकळीक मिळण्यास 1978 साल उजाडले. त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने एका घरास वर्षाला जास्तीत जास्त 200 गॅलनची मुभा दिली.

ऑस्ट्रेलियात हे बंधन 1970 च्या दशकाच्या आरंभी व्हिटलम सरकारने काढले. तेथील ॲडलेडची कूपर्स कंपनी आज अशा डब्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिचे संस्थापक थॉमस कूपर मूळचे यॉर्कशायरचे चर्मकार. आजारी पत्नीस शक्ती यावी म्हणून त्यांनी पहिली बिअर घरीच केली, असे सांगतात; 1862 मध्ये त्याचा व्यवसाय झाला. म्हणजे घरातून कारखान्यात गेलेले पिंप डब्याच्या रूपाने पुन्हा घरी परतले.

मठांतही हे पिंप होतेच. म्युनिक येथे पाओलाच्या संत फ्रान्सिस यांच्या संघातील बंधू उपवासकाळात कडक, पौष्टिक बिअर करीत. त्याहून कितीतरी आधी, 6 व्या शतकात, संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीच्या 40 व्या प्रकरणात मठवासीयांसाठी दिवसाला द्राक्षरसाचे एक माप पुरेसे ठरविले. दुसऱ्याने किती प्यावे हे ठरविताना मन कचरते, असेही त्यांनी तेथे प्रांजळपणे नमूद केले; आणि ज्यांना वर्ज्य करण्याचे बळ लाभते त्यांचे श्रेय वेगळे मानले. माप आणि संयम, दोहोंचा मान तेथे राखलेला आहे.

आपल्या महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्यावाचून घरी बिअर करणे हा गुन्हा आहे, हे येथील तरुणांनी विसरू नये. त्या परदेशस्थ तरुणास मात्र आम्ही असे लिहिले: तुझ्या डब्यात पाप नाही. जव, पाणी आणि हातांचे कष्ट ही देवाचीच देणगी आहे. पण जेथे सरकारी निरीक्षक पिंपाजवळून उठून गेला, तेथे त्याच्या जागी तुलाच बसावे लागेल. तुझ्या 6 टक्क्यांच्या अर्ध्या लिटरात, 4 टक्क्यांच्या पाऊण लिटराइतका मद्यार्क असतो. दुसरा डबा उघडताना हा हिशेब मांड. आणि तुझ्या आईची भीती अडाणीपणाची समजू नकोस. तोही इतिहासच आहे, फक्त तो कोणी लिहिलेला नाही.