कुर्ल्याची फियाट : गंज, कायदा आणि जुनी गाडी जपण्याचा छंद

१/ घाटकोपर-मुलुंडच्या एखाद्या जुन्या सोसायटीच्या आवारात, ताडपत्रीखाली, चारही टायर बसलेली फियाट तुम्ही कधीतरी पाहिली असेलच. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेने निवृत्त झाली. खासगी पद्मिनी मात्र अजून तग धरून आहेत, आणि काही छांदिष्ट त्या पुन्हा चालत्या करीत आहेत. त्या गाडीचा, आणि ती जपताना उभ्या राहणाऱ्या एका अवघड प्रश्नाचा हा #धागा.

२/ सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्ही उद्योगांत हात घालणारा हा माणूस; परकीय सरकारच्या काळात यांपैकी एकही गोष्ट सोपी नव्हती. अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार झाला आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून जोडणी केलेल्या गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीची फियाट आली.

३/ १९५३ साली टॅरिफ कमिशनने शिफारस केली की केवळ सुटे भाग आणून जोडणाऱ्यांनी भारतात उत्पादन करावे, अन्यथा बाजार सोडावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. कुर्ला राहिले. संरक्षित बाजारपेठेने ग्राहकाला वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत ताटकळत ठेवले, हे खरेच; पण मोटार घडविणारे हातही त्याच धोरणाने येथे तयार केले.

४/ १९५४ पासूनच्या फियाट ११०० ला मुंबईकर ‘डुक्कर फियाट’ म्हणतात. तिचे पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे मागच्या बाजूच्या बिजागरीवर उघडतात. नंतर डिलाइट आली. १९७२ मध्ये तिचीच ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ मध्ये ‘पद्मिनी’. नावे बदलली, पण १०८९ सीसीचे पेट्रोल इंजिन आणि मूळ सांगाडा जवळजवळ तोच राहिला.

५/ ग्राहकाला हा कंटाळा वाटला. आजच्या छांदिष्टाला मात्र ते वरदान आहे. डिलाइटचे अनेक भाग पद्मिनीला बसतात. कार्ब्युरेटर, कॉन्टॅक्ट पॉइंट, स्टिअरिंगलगतचा गिअरचा दांडा : सारे पान्यांनी उघडता येते, संगणक लागत नाही.

६/ खरा शत्रू गंज. आणि येथे या गाडीची रचना आड येते. जुन्या डॉजखाली स्वतंत्र चासी असते; वरची बॉडी कुजली तरी खालचा आधार शाबूत राहू शकतो. फियाट ११०० ला वेगळी चासी नाही. तिचा पत्राच तिचा सांगाडा आहे. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी फरशीचा पत्रा खाल्ला, की गाडीचे बळच जाते. मग कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने जोडावा लागतो, आणि ते करताना सांगाडा वाकू नये म्हणून आतून आधार द्यावा लागतो. नाहीतर दरवाजे पुन्हा बसत नाहीत. वरून पुटी फासून रंग दिला तर दोन पावसाळ्यांत सत्य बाहेर येते.

७/ रंगकामही ऋतू पाहूनच. दमट हवेत जुन्या पद्धतीच्या रंगावर पांढुरका थर धरतो, म्हणून जाणता रंगारी पावसाळ्यात हात आवरता घेतो.

८/ आता कायदा. केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली : प्रथम नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण हवीत, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन वा देखभालीसाठीच रस्त्यावर आणता येते. आणि मुख्य अट : चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत फेरफार करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी.

९/ ज्या गाडीची बॉडी हीच चासी, तिची अर्धी फरशी बदलली तर ती डागडुजी की फेरफार? माझ्या मते, मूळ आकार व जोड जसेच्या तसे राखून बदललेला पत्रा ही डागडुजीच. मूळ इंजिन काढून जपानी इंजिन बसविणे हा फेरफार. मात्र कागदावर हा भेद सिद्ध करायचा, तर प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे आणि काढलेल्या भागांची नोंद हवी. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही शिस्त नवी नसावी.

१०/ १९७४ च्या पहिल्या पद्मिनींनी पन्नाशी गाठली आहे. २००३ साली नोंदलेल्या त्या शेवटच्या टॅक्सीला मात्र या व्याख्येत बसायला २०५३ उजाडेल.